माळीण: दरड की लोट?

30 जुलै 2014, बुधवार. श्रावणाचा चौथा दिवस, नागपंचमी परवावर आलेली. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगररांगेत माळीण नावाचं महादेव कोळी समाजाचं गाव होतं. सकाळी साडेसातच्या सुमाराला गावामागचा उतार सुटला आणि गावठाणावर आला. रोजच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखल दिसला. बाहेरच्या जगाला बातमी कळली ती त्याच्याकडून. चाळीसहून अधिक घरं गाडली गेली होती. आठवडाभर चाललेल्या शोधानंतर मृतांचा आकडा 151 वर थांबला. कडेला असलेली जिल्हा परिषदेची शाळा मात्र उभी राहिली.

हे प्रकरण मी भूगोलाच्या वर्गात दर वर्षी घेतो. 'काय झालं होतं?' असं विचारलं की वर्गाचं उत्तर ठरलेलं असतं: दरड कोसळली. त्यावरचा दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, फक्त तो मुलं मला विचारतात. चूक कोणाची, पावसाची की वरचा उतार सपाट करणाऱ्या जेसीबीची? पहिलं उत्तर अर्धवट असल्यामुळे हा दुसरा प्रश्न चुकीच्या जागी जाऊन बसतो, असं माझं मत आहे. म्हणून आधी शब्दाकडे वळतो.

एकच शब्द, पाच घटना

घाटातल्या रस्त्यावर कातळाचा तुकडा पडला की आपण 'दरड कोसळली' म्हणतो. रेल्वेमार्गावर माती आली, तरी दरड. घरामागची भिंत मातीसकट खचली, तरी दरड. आणि अख्खं गाव चिखलाखाली गेलं, तेव्हाही दरडच. शाळेच्या पुस्तकात या सगळ्या कुळाला 'विस्तृत झीज' म्हणतात. विदारित, म्हणजे उन्हापावसाने फुटून सुटा झालेला माल गुरुत्वाकर्षणामुळे उतारावरून खाली सरकतो, एवढीच त्याची व्याख्या. नदी, वारा, हिमनदी यांच्यासारखं वाहून नेणारं साधन इथे लागत नाही, मालाचं स्वतःचं वजन पुरतं. पाणी त्याला मदत करतं. ती मदत केवढी असते ते पुढे येईल.

या कुळातली भावंडं मात्र एकमेकांसारखी नाहीत. डेव्हिड वार्न्स या अमेरिकी भूवैज्ञानिकाने 1978 मध्ये त्यांची मांडणी केली आणि थोड्याफार फरकाने ती आजही वापरात आहे. तिच्यात दोनच प्रश्न विचारायचे: काय हललं, आणि कसं हललं? हलणारा माल कातळ असेल, दगडमाती असेल किंवा नुसती बारीक माती असेल. हलण्याच्या तऱ्हा म्हणजे सुटून पडणं, उलथणं, घसरणं, पसरणं आणि वाहणं. कड्यावरून धोंडा सुटून हवेतून खाली येतो ते पडणं. जमिनीचा तुकडा एका पृष्ठावरून एकसंध सरकतो ते घसरणं. ते पृष्ठ वाटीसारखं वक्र असलं की वरच्या बाजूला जमीन खचून पायरी तयार होते आणि खालच्या बाजूला फुगवटा येतो. माल पाण्याशी कालवला जाऊन ओल्या काँक्रीटसारखा निघाला की ते वाहणं.

वेगातलं अंतर तर अफाट आहे. मृदासर्पण, म्हणजे उतारावरच्या मातीचं संथ सरकणं, वर्षाला काही मिलिमीटरच्या हिशोबात चालतं आणि डोळ्यांना कधीच दिसत नाही. उतारावरचे खांब कलतात, झाडांचे बुंधे मुळाशी वाकून पुन्हा सरळ वर जातात, तेव्हा ते कळतं. वेगाच्या तक्त्याच्या एका टोकाला वर्षाला 16 मिलिमीटरपेक्षा कमी हालचाल आहे. दुसऱ्या टोकाला सेकंदाला 5 मीटरपेक्षा जास्त, म्हणजे ताशी 18 किलोमीटरच्या वर. माळीण या दुसऱ्या टोकाचं. चिखलातून, पोराला कडेवर घेऊन माणूस त्या वेगाने पळू शकत नाही.

माळीणमध्ये घसरणीने सुरुवात झाली आणि वाहण्याने शेवट. वरचा जाड, भिजलेला थर आधी सुटला, सरकताना विस्कटला, त्याचा राडा झाला आणि तो राडा दगडगोट्यांसकट गावावर वाहत आला. याला मराठीत सर्वमान्य शब्द नाही. मी त्याला 'लोट' म्हणतो. पाण्याचा लोट आपण म्हणतोच; इथे तो दगडमातीचा होता.

शब्दाचा एवढा कीस काढायचं कारण आहे. दरड म्हटलं की कडा, सुटलेला धोंडा आणि त्याला अडवणारी तारेची जाळी डोळ्यांपुढे येते. जुलै 2015 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी दरड पडली. सैल खडक काढणं, जाळ्या बसवणं हे तिथे योग्यच असतं, कारण ती खरोखर दरड. माळीणच्या उतारावर जाळीचा उपयोग शून्य होता. तिथे जाळीत पकडण्याजोगा धोंडाच नव्हता, अख्खी जमीनच निसटणार होती. दरडीला भिणारा माणूस उघड्या कातळाकडे बघतो. लोटाला भ्यायचं तर हिरव्यागार, मातीने झाकलेल्या, वर खाचरं असलेल्या शांत उताराकडे बघावं लागतं. तिथे कोणी बघत नाही.

डोंगराचं पोट

सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले हे थर जवळजवळ आडवे आहेत. लांबून पाहिलं की डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो तो त्यामुळेच. कठीण काळ्या कातळाचा उभा कडा, त्याखाली मऊ, सच्छिद्र खडकाचा उतार, मग पुन्हा कडा. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबडी, मातीसारखी पट्टी असते. गड चढणाऱ्यांनी ती हमखास पाहिलेली असते, फक्त तिचं काम त्यांना ठाऊक नसतं. वरच्या कातळाला उभ्या चिरा असतात, त्यातून पाणी झपाट्याने खाली उतरतं. तांबड्या पट्टीपाशी किंवा खालच्या घट्ट थरापाशी ते अडतं आणि आडवं चालू लागतं. डोंगरातले बरेचसे झरे नेमके याच रेषेवर सापडतात. गावं झऱ्याच्या आधाराने वसली, म्हणजे पाणी जिथून फुटतं त्या रेषेच्या खाली वसली. यात त्यांचा अडाणीपणा काढण्यासारखं काही नाही. उन्हाळ्यात पाणी देणारी आणि पावसाळ्यात धोका देणारी जागा एकच आहे.

मऊ खडक लाखो वर्षं उन्हापावसात मुरत राहिला की त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. वरच्या कड्यावरून पडलेले धोंडे तिच्यात रुतून बसतात. ट्रेकर ज्याला घसारा म्हणतात तो याच थराचा उघडा, सैल भाग. गवत आणि झाडी आली की तो झाकला जातो, पण खाली असतो तोच. असा काही मीटर जाडीचा थर खालच्या पक्क्या खडकावर, तिरक्या फळीवर ठेवलेल्या ओल्या पोत्यासारखा पडून असतो. तो का घसरत नाही? दोन गोष्टी त्याला धरून असतात. एक म्हणजे कणाकणांमधलं घर्षण, दुसरी थोडीफार चिकटण. ओलसर मातीतली केशाकर्षणाची ओढ आणि झाडांची मुळंही हातभार लावतात. मुळांचा भरवसा मात्र त्यांच्या खोलीपुरताच. घसरण-पृष्ठ मुळांच्या खाली असेल, तर झाडं लोटाबरोबर उभ्या उभ्या प्रवास करतात.

आता पाणी. ते माती धुऊन नेतं म्हणून डोंगर सुटतो, असा सार्वत्रिक समज आहे. धुऊन नेणं म्हणजे धूप, आणि ती वेगळी गोष्ट. इथे पाणी आतून काम करतं. पहिली गोष्ट वजनाची. एक घनमीटर कोरडी माती साधारण 1.6 टनांची असते, तीच पूर्ण भिजली की 2 टनांच्या आसपास जाते. पण खरा घात वजनापेक्षा दाबाने होतो. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून ढकलतं. वरच्या थराचं काही वजन कणांऐवजी पाणीच तोलू लागतं. कण एकमेकांवर दाबले गेले नाहीत, तर घर्षण कुठून येणार? या छिद्रजलदाबाचा परिणाम आकड्यात सांगतो. चिकटण नसलेला माल कोरडा असताना 34 अंशांच्या उतारावर जेमतेम उभा राहतो असं धरू. तोच पूर्ण भिजला आणि पाणी उताराला समांतर झिरपू लागलं, की त्याची तग धरण्याची मर्यादा 18-19 अंशांवर येते. जवळजवळ निम्मी. उन्हाळ्यात ज्या उतारावर गुरं चरतात, जुलैअखेर तोच उतार आपल्या पात्रतेपेक्षा दुप्पट तिरका झालेला असतो.

पुढचा भागही पाण्याचाच. राडा एकदा निघाला की त्याची घनता पाण्याच्या साधारण दुप्पट असते, बेसॉल्टच्या धोंड्याची पावणेतीन ते तीन पट. म्हणजे त्या राड्यात धोंड्याचं वजन एक तृतीयांशच उरतं आणि टनाटनाचे धोंडे जवळजवळ तरंगत येतात. पुराच्या पाण्यात घराच्या भिंती टिकल्याची उदाहरणं आहेत. लोटापुढे साध्या घराला काही आशा नसते.

108 मिलिमीटर म्हणजे किती?

उपलब्ध नोंदींनुसार 29 जुलैला त्या भागात 108 मिलिमीटर पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशीही तो सुरूच होता. एका गुंठ्यावर 108 मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळपास अकरा हजार लिटर पाणी, थोडक्यात एक मोठा टँकर. दर गुंठ्याला एक, एकराला चाळीस. वर्गात हा हिशोब फळ्यावर मांडला की मुलं गप्प होतात.

पण मग मी दुसरा आकडा लिहितो. हवामान खात्याच्या व्याख्येत चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे 'जोरदार', त्याच्या वर 'अति जोरदार' आणि 204.4 च्या वर 'अतिवृष्टीचा' टप्पा. 108 पहिल्याच पायरीवर अडकतो. महाबळेश्वरला 22 जुलै 2021 या एका दिवसात 594 मिलिमीटर नोंदला गेला आहे. घाटमाथ्यावर शंभर-सव्वाशे मिलिमीटरचे दिवस दर वर्षी येतात आणि दर वर्षी गावं गाडली जात नाहीत. शिवाय घाटात पाऊस इतका जागोजाग बदलतो की डोंगराच्या एका सोंडेवर पडलेल्या पावसावरून शेजारच्या सोंडेचा अंदाज बांधता येत नाही. तालुक्याच्या गावी, घोडेगावात भुरभुर असते तेव्हा पश्चिमेच्या कड्यांवर आभाळ फाटलेलं असतं.

म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याआधीचे दिवस जास्त बोलतात. 2014 चा जून देशभर कोरडा गेला होता, सरासरीपेक्षा चाळीस टक्क्यांहून अधिक तूट. पाऊस आला तो जुलैत, आणि उशिरा आल्यामुळे एकवटून. आधीच्या पावसाने पोकळ्या भरत आणलेल्या असतात, शेवटचा दिवस फक्त भांडं ओसंडून टाकतो. तारखा पाहा. महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते: 25-26 जुलै 2005. माळीण: 30 जुलै 2014. महाडचंच तळिये: 22 जुलै 2021. खालापूरची इर्शाळवाडी: 19 जुलै 2023. केरळात वायनाडची मुंडक्कई-चूरलमला: 30 जुलै 2024, माळीणच्याच तारखेला, बरोबर दहा वर्षांनी. पाचही घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या. त्यात ग्रहताऱ्यांचा संबंध नाही. डोंगर भिजून तुडुंब व्हायला जूनच्या पहिल्या सरीपासून साधारण तेवढे दिवस लागतात.

जेसीबीचा प्रश्न

आता मुलांच्या प्रश्नाकडे. माळीणनंतर पहिल्या आठवड्यातच एका शब्दावर सगळी चर्चा येऊन थांबली: पडकई. या भागातल्या महादेव कोळी शेतकऱ्यांची ही जुनी रीत. उतारावर मिळून श्रम करायचे, दगडांची ताल, म्हणजे बांध, रचायची, माती अडवायची आणि भाताचं खाचर पाडायचं. आज तुमच्या रानात, उद्या माझ्या. पुढे या रीतीला सरकारी योजनेचं रूप आलं आणि त्यासोबत यंत्रं आली. गावाच्या वरच्या अंगाला यंत्रांनी सपाटीकरण झालं, त्यामुळे डोंगर सुटला, असा आरोप झाला. कोणी जंगलतोडीकडे बोट दाखवलं, कोणी धरणाच्या जलाशयाकडे. सरकारी बाजू मुसळधार पावसावर भर देत राहिली. नंतरच्या अभ्यासांमध्ये तीव्र उतार, विदारित मालाचा जाड थर, जोरदार पाऊस, जमिनीच्या वापरातला बदल आणि निचऱ्याचा अभाव ही कारणं एकत्रच येतात, फक्त कुणाला किती वजन द्यायचं ते बदलतं.

मला या वादात एक गोष्ट खटकते. 'निमित्त' आणि 'कारण' हे दोन शब्द मराठीत स्वच्छ वेगळे असताना आपण त्यांची सरमिसळ करतो. पाऊस हे निमित्त. घसरायला तयार असलेला थर हे मूळ कारण, आणि ते माणसाच्या आधीपासून तिथे आहे. मधल्या जागेत माणसाचा हात येतो. तो उताराची शिल्लक ताकद वर्षावर्षाने कमी करतो. ती शिल्लक शून्यावर आली की निमित्त कुठलंही चालतं.

सपाटीकरणाने नेमकं काय होतं ते पायरी पायरीने पाहू. उतारात खाचर पाडायचं म्हणजे वरच्या बाजूला खोदायचं आणि खालच्या बाजूला भरायचं. खोदलं तिथे त्याच्या वरच्या जमिनीचा पायटेका गेला. भरलं तिथे सैल मातीचं नवं ओझं आलं. भातासाठी खाचरात पाणी कोंडून ठेवायचं असतं. पूर्वी जे उतारावरून पळून जायचं, ते आता उभं राहून मुरतं. हे हातांनी केलं तरी होतं, यंत्राने केलं तरी होतं. फरक वेगाचा आणि मापाचा. हातांनी ताल रचणारा माणूस दगडात दगड बसवतो, फटी राहतात, फटीतून जादा पाणी निघून जातं. खाचर लहान असतं, दोनचार पावसाळे माती बसायला मिळतात, कुठे फुगवटा आला तर पुढच्या वर्षी डागडुजी होते. यंत्र एका आठवड्यात अख्खा माळ उलटापालटा करतं आणि निघून जातं. भराव दाबलेला नसतो, पाणी काढून देणारी चर नसते, ओहोळाची वाट बुजलेली असते. म्हणून 'पडकईने माळीण घेतलं' हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं. पडकई शतकभराच्या अंगवळणाची गोष्ट होती. तिचं नाव ठेवून पद्धत बदलली, तिथे बिघडलं. आणि हेही खरं की सपाटीकरणाचा लवलेश नसलेले उतारही सुटतात. इर्शाळवाडीच्या वर कोणी खाचरं पाडायला गेलं नव्हतं, तो गडाचा उभा उतार होता.

जलाशयामुळे झालं हे मत मला पटत नाही. जलाशयाची पातळी वरखाली होते तेव्हा काठाचा उतार अस्थिर होऊ शकतो, जगभर तशी उदाहरणं आहेत. पण त्यात तळाकडून उतार खचायला लागतो. माळीणला सुटला तो गावाच्या वरचा भाग.

चिखलात जागा उरत नाही

बचावाचं काम राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने हाती घेतलं. अरुंद रस्ता, अखंड पाऊस, वरून आणखी माल सुटण्याची भीती. यंत्र लावावं तर खाली कोणी जिवंत असेल तर? न लावावं तर हातांनी किती उपसणार? पहिल्या दिवशी काही जण जिवंत निघाले, पुढे मृतदेहच मिळत गेले. भूकंपात इमारत पडते तेव्हा तुळया-छतांच्या आधाराने पोकळ्या राहतात, माणसं तीनतीन, चारचार दिवसांनी सापडतात. लोटात पोकळी राहतच नाही. राडा दारं-खिडक्यांतून आत शिरतो आणि घराचा आकार भरून टाकतो. 'दरड' म्हणताना हा फरक आपल्या लक्षात येत नाही, आणि म्हणून प्रत्येक वेळी टीव्हीवर चौथ्या दिवशीही चमत्काराची वाट पाहिली जाते.

मागे उरले ते बहुतेक त्या सकाळी गावात नसलेले. कामाला मुंबई-पुण्याकडे गेलेले, शिकायला बाहेर असलेले, दुसऱ्या वाडीवर मुक्कामाला गेलेले. अख्खं कुटुंब गेलेलं आणि एकटा मागे राहिलेला माणूस हा या आपत्तीचा वेगळाच परिणाम आहे. त्याच्या हातात भरपाईचा धनादेश असतो, पण सातबारावरची नावं, वारसाच्या नोंदी, गाडलेल्या शेताची हद्द, हे सगळं त्याला एकट्याने निस्तरायचं असतं. शेत दगडमातीखाली गेलं की ते पुढच्या हंगामात परत येत नाही. पुरानंतर निदान गाळ तरी सुपीक असतो.

नवं माळीण

वाचलेल्यांना पत्र्याच्या शेडमध्ये राहावं लागलं. नवं गाव जवळच आमडे इथे उभारलं आणि एप्रिल 2017 मध्ये ते ताब्यात दिलं गेलं. आखीव रस्ते, पक्की घरं, शाळा. पहिला पावसाळा आला तो दोनच महिन्यांनी. जून 2017 च्या पावसात रस्ते खचले, भरावाच्या कडा सुटल्या, भिंतींना तडे गेले आणि लोक पुन्हा घाबरून बाहेर आले. बातम्या आल्या, पाहणी झाली, दुरुस्ती झाली.

हा प्रसंग वर्गात मी मुद्दाम सावकाश घेतो, कारण मला तो 30 जुलैपेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. ज्या गावाचं नावच उतारावरच्या मातीसाठी देशभर झालं, त्याचं पुनर्वसनही उतारावर कापून आणि भरून केलेल्या जागेवरच झालं. त्याला पर्याय फार नव्हता. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात सपाट जमीन आहे कुठे? होती ती नदीकाठी होती आणि जुन्या आंबेगावासकट धरणाच्या पाण्याखाली गेली. नव्या भरावाला किमान एकदोन पावसाळे बसायला हवेत, पाण्याची वाट आधी करायला हवी, घरं त्यानंतर. पण बेघर माणसं शेडमध्ये तिसरं वर्ष काढत असताना 'अजून दोन पावसाळे थांबा' हे त्यांना कोणी सांगायचं? इथे अभियांत्रिकी आणि माणुसकी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. जून 2017 ला खचलं ते मृदासर्पणाच्या आणि भराव बसण्याच्या जातीचं, म्हणजे संथ. लोट नव्हता. पण एकदा गाव गमावलेल्या माणसाला भिंतीतली बोटभर भेग दिसली तर त्याने वर्गीकरण करत बसायचं का?

नकाशावरची तुरीची डाळ

माळीणनंतर धोकादायक गावांच्या पाहण्या झाल्या, याद्या झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरासाठी भूस्खलन-प्रवणतेचे नकाशे 1:50,000 या प्रमाणात तयार केले. या संस्थेच्या हिशोबाने हिमाच्छादित भाग वगळता देशाची 12.6 टक्के जमीन, म्हणजे सुमारे 4.2 लाख चौरस किलोमीटर, भूस्खलन-प्रवण आहे. त्यातले सुमारे 90 हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट आणि कोकणच्या डोंगरात. काम मोठं आहे आणि गरजेचं आहे.

पण प्रमाण बघा. 1:50,000 म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. माळीणचं अख्खं गावठाण त्यावर तुरीच्या डाळीएवढं. ज्या खाचरामुळे उतार बिघडला असेल ते तर सुईच्या टोकाइतकंही दिसणार नाही. शिवाय असा नकाशा डोंगर कुठे सुटू शकतो हे सांगतो. सुटलेला माल कुठवर जाईल हे सांगत नाही, आणि माणसं राहतात ती पोचण्याच्या जागी. वायनाडमध्ये लोट 1,550 मीटर उंचीवर सुटला आणि सुमारे आठ किलोमीटर वाहत गेला. चूरलमलाच्या लोकांच्या घरामागे सुटण्याजोगा उतार असण्याची गरजच नव्हती. ओढ्याने त्यांना डोंगराशी जोडलेलं होतं, तेवढं पुरलं.

इर्शाळवाडी तर यादीतच नव्हती. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या पायथ्याची ही ठाकर वाडी गाडली गेली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रं पोचलीच नाहीत. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. मला या वाक्यातला सूर कळत नाही. ते स्पष्टीकरण होतं की कबुली?

यादी करणाऱ्याला प्रत्येक वाडीवर जाता येत नाही. वाडीतल्या माणसाला मात्र स्वतःच्या उतारावर रोज जावं लागतं, आणि उतार आधी काही ना काही बोलतो. वरच्या माळावर अर्धचंद्राच्या आकाराची नवी भेग. वर्षानुवर्षं वाहणारा झरा अचानक आटला, किंवा जिथे कधी पाणी नव्हतं तिथून फुटला. पाऊस चालू असताना ओढ्याचं पाणी एकदम कमी झालं, म्हणजे वर कुठेतरी मालाने तो अडवला आहे. स्वच्छ वाहणारं पाणी गढूळ तांबडं झालं. दार चौकटीत अडकायला लागलं, ताल पोट काढून पुढे आली, गोठ्याची भिंत कलली. यातलं एकही लक्षण पुरावा नाही. पण जुलैच्या उत्तरार्धात, तीन दिवस सलग कोसळल्यानंतर, यातली दोन एकत्र दिसली तर रात्र शाळेत काढावी.

शाळा कुठे बांधली आहे ते मात्र आधी पाहून ठेवावं. माळीणची वाचली ती कडेला होती म्हणून.